चौथ्या पानावरचं नाव

गठ्ठ्यातला नव्वदावा की शंभरावा कागद असेल. डॅमरिस पेलनं तो पुढ्यात ओढला, हाडाच्या पट्टीनं मधली घडी दाबली, आणि दाबता दाबता तिला त्या कागदात टोबी दिसला. टोबी म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा, एव्हिसचा, चार वर्षांचा मुलगा. ‘लहानग्या टोबीचा खोकला’ एवढंच छापलं होतं, ओळीच्या शेवटी, जरा तिरपं. तिनं पट्टी खाली ठेवली. आता जगात टोबी काय एकच आहे? चीपसाइडच्या बाजारात उभं राहून हाक मारली तर वीस टोबी वळून बघतील, आणि ह्या जानेवारीत त्यातले एकोणीस खोकत असतील. असं तिनं स्वतःला समजावलं आणि पट्टी पुन्हा उचलली, पण हात काही घडीवर जाईना.

ती कधी वाचायची नाही. म्हणजे वाचता यायचं, चांगलं यायचं, रोज सकाळी बायबलचं एक पान ती बोट न लावता वाचायची. पण घड्या घालताना वाचलं तर हात थांबतो, आणि हात थांबला तर बातम्यांच्या पुस्तिका विकणारे गेडनीमालक म्हणणार, ‘बाई, तुम्हाला शिवायला दिलंय, परीक्षेला नाही बसवलं.’ एका मोठ्या कागदाच्या दोन घड्या, आठ पानं, तीन भोकं, एक दोरा, गाठ, पुढचा. नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून हेच. हातांना सवय होती आणि डोळे मोकळे. ते खिडकीबाहेर असत नाहीतर कुठेच नसत. गेल्या नोव्हेंबरपासून मात्र प्रत्येक गठ्ठ्यात आयर्लंडच. तिकडचे पोपवाले, म्हणजे कॅथलिक, उठले, इंग्रजांची गावंच्या गावं मारली. मथळे मोठ्या अक्षरात, ते न वाचायचं म्हटलं तरी दिसायचेच. खऱ्या वार्ता. आणखी खऱ्या वार्ता. अत्यंत खऱ्या वार्ता. तिला वाटायचं, खरं असेल तर एकदा सांगून भागायला हवं, इतक्यांदा कशाला सांगतात? पण हा विचारही ती पुरा करत नसे, कारण एव्हिस तिकडेच होती, कॅव्हन परगण्यात, ड्रमकॅरा नावाच्या खेड्यात. तिच्या नवऱ्याला तिथं जमीन मिळाली म्हणून गेली होती, लग्नात घेतलेले दोन पितळी दिवे उराशी धरून.

आता मात्र तिनं कागद खिडकीशी नेला आणि वाचला. चौथं पान. ‘ड्रमकॅरा गावच्या एका कुलीन स्त्रीने आपल्या बहिणीस लिहिलेल्या पत्रावरून.’ कुलीन? एव्हिस? तेवढ्यातही तिला हसू आलं, आणि ते हसू तोंडावरच गारठलं. पुढे लिहिलं होतं, की त्या गावच्या टर्लो मॅकगॉरन नावाच्या नराधमाने इंग्रज बायकापोरांना दूध देतो, ऊब देतो म्हणून आपल्या कोठारात बोलावले, लहानग्या टोबीचा खोकला ऐकून तो हसला, आणि त्याने बाहेरून कडी घालून कोठाराला आग लाविली. पत्र लिहिणारी तेवढी देवकृपेने वाचली. म्हणजे टोबी नाही वाचला. म्हणजे त्याची बहीण नेलही नाही वाचली. ती बाकावर बसली.

पण पत्र तर तिच्याकडे होतं. ते तिथंच, पेटीत, उबदार कांबळ्याच्या घडीत होतं, आणि त्यात असं काहीही नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी चेस्टरहून येणाऱ्या एका लोकर-व्यापाऱ्यानं ते आणून दिलं, पाण्यानं एक कोपरा फुगलेला. तिनं घाईनं उघडलं आणि मग तशीच उभी राहिली. तिला ते वाचता येत नव्हतं. लहानपणी गावात एक बाई पोरींना लाकडी पाटीवर छापील अक्षरं शिकवायची. बायबल वाचण्यापुरती. हाताचं लिहिणं मुलग्यांसाठी, दोन वर्षांनी, वेगळ्या मास्तरांकडे. डॅमरिसला छापलेलं सगळं यायचं आणि लिहिलेलं काहीच नाही. हातानं लिहिलेली ओळ म्हणजे तिला नुसता गुंता झालेला दोरा. एव्हिस तिच्यामागून सात वर्षांनी जन्मली, वडिलांची लाडकी, तिनं हट्टानं लिहायला शिकून घेतलं आणि मोठीला चिडवायची, ‘ताई, तुझ्यावर मी काहीही लिहीन, तुला कळायचंच नाही.’ तर पत्र घेऊन ती गेली गेडनीमालकांकडे. दुसरं जाणार कुणाकडे? त्यांनी चष्मा लावला, उजेडाकडे वळले आणि वाचून दाखवलं. एव्हिसचा नवरा पहिल्याच आठवड्यात मारला गेला. घर लुटलं. ती दोन पोरांना घेऊन पावसात निघाली, तर टर्लो मॅकगॉरन नावाच्या शेजाऱ्यानं तिला आपल्या कोठारात लपवलं. तो पोपवालाच, पण रोज सांजेला गवताच्या भाऱ्याआड दूध आणून ठेवतो. टोबीचा खोकला बाहेर ऐकू जाईल म्हणून तो तेवढा वेळ मुद्दाम कुत्र्याला भुंकवतो. असं पत्र. मालक म्हणाले होते, ‘दोन दिवस राहू दे माझ्याकडे, कोपऱ्यातलं पुसलंय ते उन्हात धरून बघतो.’ तिला त्यांचा केवढा आधार वाटला होता!

तिनं पत्र पेटीतून काढलं. आता दोन्ही गोष्टी तिच्या मांडीवर होत्या, छापलेली आणि लिहिलेली. आणि खरं सांगायचं तर तिचा विश्वास छापलेल्यावर बसत चालला होता. हीच भीती होती. देवाचा शब्द छापलेला, राजाचं फर्मान छापलेलं, आणि मालकांनी जे तोंडानं सांगितलं ते काय? वारा. मालकांना दया आली असेल. विधवा बाई, रडेल, गठ्ठे वेळेवर येणार नाहीत. म्हणून दुधाची गोष्ट सांगितली असेल आणि खरं ते छापलं असेल. तिनं पत्र उघडून त्या गुंत्यावर बोट फिरवलं. कुठंतरी ह्यात टोबी आहे. एक तर तो दूध पितो आहे, नाहीतर जळतो आहे, आणि माझं बोट त्याच्यावरून जातं आहे आणि मला कळत नाही. ती ओळ सोडून ती दुसऱ्या ओळीवर गेली, मग तिसरीवर. एव्हिसनं कुठंतरी शाई सांडली होती. तो डाग तेवढा तिला वाचता आला.

मग हळूहळू दुसरी भीती वर आली, आणि ती पहिलीपेक्षा गार होती. समजा पत्र खरं. समजा एव्हिस अजून त्या कोठारात आहे. सकाळी मालकांनी गठ्ठा देताना काय सांगितलं? ‘तीनशेच्या तीनशे तुमच्याकडेच देतोय, दुसरी शिवणारी तापानं पडलीय. त्यातले पन्नास चारच्या आत आणा. सार्जंट येणार आहे न्यायला. तुकडी उद्या चेस्टरला निघते, तिथून जहाजानं आयर्लंड.’ म्हणजे हे कागद शिपायांच्या खिशात बसून ड्रमकॅराला जाणार. शिपाई गावात शिरणार, पान चार उघडणार, टर्लो मॅकगॉरन कोण म्हणून विचारणार, आणि त्याच्याच दारात त्याला टांगणार. एव्हिस ओरडेल, सांगेल, पण ऐकतो कोण? बाई भ्यालीय म्हणतील. किंवा पोपवाल्यांना सामील झालीय म्हणतील. किंवा ती बाहेर येण्याआधीच कुणीतरी त्या कोठाराला खरोखरच काडी लावेल. आणि हे कुणी केलं? गेडनीनं केलं, पण शिवलं कुणी? शंभर तर ह्या हातांनी घडी घालून ठेवलेच होते.

तिनं सगळा गठ्ठा कांबळ्यात बांधला, पत्र चोळीत खुपसलं आणि निघाली. बाहेर भर दुपारी दारं लावलेली. महिनाभर शहराचं असंच चाललं होतं. कुणी म्हणे तळघरांत बंदुकीची दारू सापडली, कुणी म्हणे राजाचे स्वार येताहेत, आणि बायकांनी उंबऱ्यावर उकळत्या पाण्याची घंगाळं ठेवली होती, कुणावर ओतायचं हे न ठरवताच. कोपऱ्यावरच्या बेकरीणबाईनं खिडकीतून हाक मारली, ‘डॅमरिसबाई, कांबळ्यात काय हो एवढं? चांदी पळवताय की काय?’ ‘कागद,’ ती म्हणाली. ‘आयर्लंडचे? एक ठेवा हो मला! पोरांना वाचून दाखवते, मुकाट झोपतात.’ डॅमरिसनं पाऊल उचललं. तिला वाटलं, कांबळ्यातून धूर येतोय. कोळशाचाच होता, सगळ्या गल्लीत होता, तरी तिनं गठ्ठा एकदा चाचपून पाहिला.

गेडनीमालक दुकानात मागे बसून हेरिंग मासा आणि पाव खात होते. जाडसर, मऊ हातांचा माणूस, मनानं वाईट नाही. हेच तर. वाईट असता तर तिला काय करायचं ते कळलं असतं.

‘इतक्यात झाले?’

‘मालक, हे पत्र पुन्हा वाचा.’

त्यांनी कागद ओळखला आणि पाव खाली ठेवला. ‘बाई, बसा.’

‘बसत नाही. मी बोट ठेवीन तिथून वाचा. पहिल्यापासून नाही. मी सांगेन तिथून.’

हे तिनं रस्त्यात ठरवलं होतं. खोटं बोलणाऱ्याला आपलं खोटं सुरुवातीपासून म्हणता येतं, मधूनच कुठूनही नाही म्हणता येत. आणि तिला तर तीन आठवड्यांपूर्वीचा शब्दन्‌शब्द पाठ होता. तिनं पत्राच्या मध्यावर बोट ठेवलं. मालकांनी बोटं पुसली, चष्मा लावला. ‘“...कुत्र्याला काठीनं डिवचतो, बिचारं कुत्रं आता त्याच्याकडं बघतही नाही...”’ तिनं बोट खाली नेलं. ‘“...नेलच्या पायाला त्याच्या बायकोनं लोकर गुंडाळली...”’ वर नेलं. ‘“...सांजेला दूध...”’ तिथं तिनं बोट दाबून धरलं. ‘ह्यात दूध कुठंय? दाखवा.’ त्यांनी नखानं दाखवलं. एवढासा गुंता. ती त्याच्याकडे बघत राहिली, बघत राहिली, आणि बघता बघता त्यातून तीन डोंगर निघाले, ‘मिल्क’मधल्या ओळखीच्या ‘एम’चे, आणि तिच्या जिवात जीव आला. टोबी जिवंत होता. निदान हे लिहिलं त्या दिवशी होता.

मग मात्र ती भडकली. ‘लाज नाही वाटली तुम्हाला? त्या माणसानं माझ्या बहिणीची पोरं वाचवली आणि तुम्ही त्याला खुनी छापलंत?’

‘हळू, हळू बोला! दार उघडं आहे.’ मालक उठून दार लोटून आले. ‘पोपवाल्यानं दूध दिलं असं छापलं असतं ना, तर लोकांनी माझं दुकान जाळलं असतं, माझ्यासकट. आजकाल कुणाला दूध पाहिजे? शेजारच्या दुकानानं काल आपल्या पुस्तिकेत सोळा जणांना बुडवलं. माझ्याकडे काय, एक खोकणारं पोर!’

‘मग छापायचंच नव्हतं.’

‘सगळे छापतात, बाई.’

‘नाव तरी काढा. हे तीनशे अजून गेले नाहीत. नाव काढा त्यातून.’

‘आणि मग राहिलं काय? गाव पाहिजे, वार पाहिजे, माणूस पाहिजे. “कुणा एका आयरिशानं” म्हटलं की लोक म्हणतात, गुत्त्यातली गप आहे. नाव असलं की आपण तिथं होतो असं वाटतं त्यांना.’ त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. ‘दुसरं घालतो. छापखान्यात चिठ्ठ्या छापून घेतो, एवढ्याएवढ्या, आणि जुन्यावर चिकटवू. चूक झाली की करतोच आपण. सांगा, काय नाव घालू?’

‘मी सांगू?’

‘मी सांगितलं तर पुन्हा माझ्या नावानं रडाल. कुठलंही सांगा.’

ती म्हणाली, आधीच्या कुठल्यातरी पुस्तिकेतलं घाला, ज्याचं व्हायचं ते झालेलंच आहे. मालकांनी मान हलवली. ते सगळे दुसऱ्या परगण्यांतले, एक माणूस एका दिवशी दोन परगण्यांत कसा? वाचणारे काही खुळे नसतात. ‘नवं पाहिजे. लवकर बोला, साडेबारा वाजून गेले.’ तिनं डोळे मिटले. आयर्लंडचा एकही माणूस तिनं आयुष्यात पाहिलेला नव्हता. डोळ्यांपुढे नुसता काळोख, आणि त्यात टर्लो मॅकगॉरन दुधाचं मडकं घेऊन उभा, तो हलेचना. हा नको. हा सोडून कुणीही. आणि मग कुठून कोण जाणे, अलगद, कुणीतरी कानात सांगावं तसं, एक नाव आलं. नाव गोल होतं, कुणाचंच नव्हतं.

‘शेन रायली,’ ती म्हणाली.

‘वा,’ मालक म्हणाले. ‘छान आहे. शोभतं.’

तासाभरात चिठ्ठ्या आल्या. एका कागदावर तेच नाव ओळीनं छापलेलं. ती दुकानाच्या मागच्या बाकावर बसून कात्रीनं एकेक नाव कापू लागली. पिठाची खळ गरम होती, बोटांना बरं वाटत होतं. चौथं पान उघडायचं, टर्लोवर खळीचं बोट फिरवायचं, शेन ठेवायचा, अंगठ्यानं दाबायचा, मग सुई-दोरा, गाठ. प्रत्येक चिठ्ठीबरोबर टर्लो एकदा वाचत होता. वीस वेळा वाचला. तीस वेळा वाचला. ती चक्क गुणगुणायला लागली. आणि मग, चाळिसाव्याच्या आसपास, अंगठा दाबता दाबता तिला वाटलं, खाली काहीतरी आहे. कागदाखाली नाही. नावाखाली. शेन रायली. आईनं हाक मारली असेल त्याला. छे, कसली आई? मी केलाय तो, आत्ता, साडेबारा वाजता. पण टोबी कितीतरी असतात, हे सकाळी कुणी म्हटलं होतं? तिनंच. तिचा अंगठा चिकटून राहिला. सोडवला तर अर्धं नाव वर आलं, तिनं घाईनं ते परत बसवलं. नसते विचार, डॅमरिस. तो तुझ्या मनातला आहे, त्याला गळा नाही. तिनं पुढचा कागद घेतला.

सार्जंट चारच्या आधीच आला. पन्नाशीचा, मोठ्या मिशांचा, गारठलेला, एकदम घरच्यासारखा बोलणारा माणूस. ‘काय मालक, आमचा खाऊ तयार आहे का? पोरांना वाटेत वाचून दाखवला की पाय जोरात पडतात.’ मालकांनी त्याच्या हातात गरम बिअर दिली आणि डॅमरिसकडे बोट केलं. ‘ह्या बाईंच्याच बहिणीचं पत्र आहे बरं का ते.’ हे सांगायची काय गरज होती? पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

सार्जंटनं टोपी काढली. खरंच काढली. मग एक पुस्तिका उचलून तो खिडकीशी गेला आणि ओठ हलवत हलवत वाचू लागला. चौथ्या पानावर थांबला. त्यानं चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. खळ ओली होती. ‘हे काय चिकटवलंय?’

‘छापताना चूक झाली,’ मालक म्हणाले.

‘खाली कोण आहे?’ म्हणत त्यानं नखानं कोपरा उचलला. सहज, उत्सुकतेनं. डॅमरिसला तो ‘ट’ दिसला, किंवा दिसल्यासारखा वाटला.

‘कुणी नाही!’ ती उठून उभी राहिली. ‘रायलीच आहे तो. शेन रायली. माझ्या बहिणीनं स्वतः लिहिलंय. त्यांनी चुकीचं छापलं, मी सांगून बदलून घेतलं. देवाशपथ.’

तिनं आयुष्यात कधी शपथ घेतली नव्हती. सार्जंटनं कोपरा खाली दाबला, चुलीवरच्या भांड्यावर झाकण ठेवावं तसा. ‘झालं तर मग. बरं झालं बदललंत. मी तिथं दोन वर्षं काढलीत, कॅव्हनच्या गढीत. पण बाई, नुसत्या रायलीवर भागायचं नाही हो. तिथं दगड मारला तर रायलीला लागतो. अर्धा परगणा रायली, आणि त्यातले अर्धे शेन. दिसायला कसा आहे ते लिहिलंय का काही?’

अर्धा परगणा. म्हणजे ते नाव तिच्या मनातलं नव्हतंच. ते गेल्या तीन महिन्यांत तिच्या सुईखालून गेलेल्या कुठल्यातरी कागदातून आलं होतं. डोळे मोकळे असतात ना, त्यांनी उचललं होतं. तिला वाटलं, सांगावं, नाही लिहिलं. पण मग हा अर्ध्या परगण्याला टांगेल. मालकांच्या तोंडाकडे तिनं पाहिलं, ते बिअरच्या मडक्यात बघत होते. आणि ह्याचं नख अजून त्या कोपऱ्यावरच होतं. विचार कर, डॅमरिस. असा सांग, की जो नसेलच. आभाळाखाली कुठंही नसेल असा. एकेक गोष्ट अशी जोड की माणसं गळत जातील, गळत जातील आणि शेवटी कुणीच उरणार नाही.

‘लिहिलंय,’ ती म्हणाली. ‘उंच आहे. फार उंच.’

‘हं.’

‘दाढी तांबडी. पण एका बाजूला पांढरी. डाव्या.’

‘हं, हं.’

‘एक कान नाही. आणि,’ ती धापा टाकत होती, ‘आणि चालताना उजवा पाय ओढतो.’ आता नाही कुणी उरणार, तिनं मनात म्हटलं. देवा, असा माणूस तू केलेला नसशील.

सार्जंट तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या मिशा हळूहळू रुंदावल्या, जुना ओळखीचा माणूस भेटावा तशा, आणि त्यानं मांडीवर थाप मारली.

‘अहो, लोणीवाला शेन! लंगडा! ओळखतो की मी त्याला. दर शुक्रवारी गढीवर यायचा. कान लहानपणी डुकरानं खाल्ला म्हणून सांगायचा, आमची हसून हसून पुरेवाट. आणि बघा, मनात काय विष होतं! आम्ही त्याच्या हातचं लोणी खाल्लंय, बाई!’ त्याचे डोळे भरून आले होते. ‘घरही माहीत आहे मला. ओढ्यापलीकडे, दोन झाडं सोडून. तुम्ही काही काळजी करू नका. पहिलं काम तेच.’

‘त्याला,’ डॅमरिस म्हणाली. ‘त्याला मुलंबाळं आहेत?’

‘असतील की. एक पोरगी यायची बरोबर, मडकं धरायला.’ त्यानं टोपी घातली, पुस्तिका मोजत पिशवीत भरायला सुरुवात केली. ‘पन्नास पुऱ्या नाहीत वाटतं? थांबतो मी. तुमचं चालू द्या, शिवा सावकाश.’

ती बाकावर बसली. दोरा सुईत जाईना, तेव्हा सार्जंटनंच तो ओवून दिला.